तीन लाख किलोमीटरांची जीप

१

जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे फिरवतात. दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी सत्तर हजारांची म्हणून खपवली जाते. यात गूढ काहीही नाही. लबाडीची दिशा फायद्याच्या दिशेशी जुळते. तासगावजवळच्या एका अंगणात मी जी जीप तपासली, तिच्या मीटरशी कोणीतरी खेळले होते, याबद्दल थोड्याच वेळात मला शंका उरली नाही. अडचण एवढीच होती की हा खेळ उलट्या दिशेने झाला होता.

जीप हवी होती ज्ञानदाला. ती माझी पुतणी. महाबळेश्वरच्या आसपासच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, पावसानंतर जी चिमुकली फुले येतात त्यांचा ती अभ्यास करते. तिथे पोहोचायला रस्ता नसतो, चाकोरी असते. चारही चाकांना जोर देणारी जुनी जीप तिला फोनवरच्या एका जाहिरातीत दिसली आणि तिने मला सांगलीहून उचलून थेट तासगावला आणले. "काका, तुम्ही हो म्हणालात तरच घेईन," एवढेच तिचे म्हणणे होते. मी नोकरीची सगळी वर्षे मापनयंत्रे खरे बोलतात की नाही हे तपासण्यात घालवली आहेत. माणसांच्या बाबतीत माझे मत कोणी विचारीत नाही.

मीटर जुन्या पद्धतीचा होता. चाकांकडून आलेली एक केबल फिरते आणि आकड्यांच्या चकत्या पुढे सरकतात. चकत्यांवर तीन लाख अकरा हजारांहून थोडा अधिक आकडा होता.

"फार पळालीय," मी म्हणालो.

"जाहिरातीत तसंच लिहिलं होतं. म्हणून तर मला परवडतेय."

मी क्लचच्या पायपट्टीवर बोट फिरवले. रबराच्या रेघा बोटाला लागत होत्या. तीन लाख किलोमीटर, त्यातही घाटातले, गेल्यावर तिथे रेघा उरत नाहीत. रबर नवे बसवले असेल म्हणावे, तर ते गाडीइतकेच वाळलेले आणि भेगाळलेले होते. चालकाच्या दाराच्या बिजागऱ्या घट्ट होत्या. स्टिअरिंगवरची खरखर शाबूत होती. माझ्या अंदाजाने ही गाडी मीटरवरच्या आकड्याच्या निम्मीच धावली होती.

मग मला कुंकू दिसले. खंडेनवमीला आपल्याकडे गाडीची पूजा होते; कोणीतरी वर्षानुवर्षे डॅशबोर्डवर हळदीकुंकवाची बोटे ओढली होती. ती वरून खाली, मीटरच्या दिशेने उतरत होती आणि मीटरच्या कडेशी सरळ रेषेत संपत होती. बोट जिथे थांबते तिथे कुंकू साचते, टोक जाड आणि गोल होते. इथे एकही टोक गोल नव्हते. पट्टे कापल्यासारखे तुटले होते. त्यांचे उरलेले भाग ज्या मीटरवर होते, तो मीटर आता या गाडीत नव्हता.

मी विजेरी आणि छोटा आरसा घेऊन मागची बाजू पाहिली. केबलच्या पेचावर चंद्रकोरीसारखे खोल व्रण होते. पान्याचे व्रण तसे नसतात. वायरी सुतळीने बांधल्या होत्या, द्राक्षाची काडी तारेला बांधतात तशाच गाठीने.

"मीटर बदललेला आहे," मी ज्ञानदाला सांगितले. "आणि ज्याने बदलला, त्याने चांगल्या गाडीची किंमत आपल्या हाताने पाडली आहे."

"पण असं कोण करेल?"

"काय सर," मागून आवाज आला, "गाडी तपासताय का सून बघताय? एवढ्या बारकाईनं तर आमच्यात पोरगीबी बघत न्हाईत. घेऊ नकासा. कोणच घेत न्हाई ती."

बोलणारा गृहस्थ हसत होता, आणि त्याचे समाधान मला खोटे वाटले नाही.

२

ते आप्पासो होते, मालकांचे धाकटे भाऊ. दोघा भावांच्या द्राक्षबागा शेजारी शेजारी, अंगण एक. मालक नानासो मागून सावकाश आले. उंच, वाकलेले, हातात छाटणीची कात्री.

"बसा की," ते म्हणाले. "चा ठिवायला सांगतो."

"सांगणार कुणाला दादा?" आप्पासो म्हणाले. "घरात कोण हाय?"

नानासोंनी कात्री खाली ठेवली. स्वतःच आत गेले. पातेल्याचा आवाज आला.

तेवढ्या वेळात आप्पासोंनी, न विचारता, सगळे सांगितले. जीप नानासोंच्या मुलाची, पृथ्वीराजची. तो तिच्यातून महाबळेश्वरच्या शेतकऱ्यांना स्ट्रॉबेरीची रोपे पोचवायचा, पावसाळ्यात दरडींमधून वाट काढायचा. त्या गाडीला कधी खरचटलेसुद्धा नाही. मागच्या वर्षीच्या श्रावणात सांगलीच्या सरळ, कोरड्या रस्त्यावर तो मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसला होता. मित्र वाचला.

"वहिनी आता सातारला ऱ्हात्यात, पोरीकडं. जाताना म्हणाल्यात, ती जीप दारातनं हालली की मी दारात येईन, तवर न्हाई. आन ह्यो बाबा जाहिरात देतोय, गिऱ्हाईक येतंय, मीटर बघतंय आन पळतंय." आप्पासोंनी आवाज उतरवला. "मी म्हटलं, मलाच दे की. घरची गाडी घरात."

"पण मग ती याच अंगणात उभी राहील," ज्ञानदा म्हणाली. "तुमच्या वहिनी येणार नाहीत."

"येत्याल की. राग किती दिवस ऱ्हातोय?"

नानासो चहा घेऊन आले. मी कप घेतला आणि विचारले, "मीटर मूळचाच आहे का?"

"गाडी पृथ्वीची हाय सर. त्यानं लय जपली."

"मी मीटरबद्दल विचारतोय."

"मीटरवर जाऊ नका. इंजिन ऐका. पोरगीला फसवायचं आसतं तर मी चांगलं बोललो आसतो."

ते खोटे बोलले नव्हते; माझ्या प्रश्नाला उत्तरही दिले नव्हते. प्रयोगशाळेत अशा वाचनाला आम्ही निकामी समजत नसू. यंत्र जिथे आकडा दाखवायचे नाकारते, तिथेच ते उघडायचे असते.

ज्ञानदाने जीप चालवून पाहायची का विचारले. नानासोंचा हात कपावर क्षणभर थांबला. "चालवा की. आता काय. कुठंबी न्या."

"आता काय" हे दोन शब्द मी लक्षात ठेवले. म्हणजे पूर्वी काहीतरी होते, ज्यामुळे चालवू द्यायचे नव्हते.

३

गाडी उत्तम चालली. त्याने गोष्ट सोपी झाली नाही, उलट अवघड झाली. गाडीत दोष असता तर मीटर बदलण्याला काही कारण सापडले असते. अपघात झाकायचा असेल, चोरीची गाडी असेल. कागद मी पाहिले होते, चासीचा क्रमांक जुळत होता. ज्ञानदाचा संशय आप्पासोंवर होता. किंमत पाडायची, गिऱ्हाइके पळवायची आणि शेवटी स्वतःच घ्यायची. साधा, सरळ, माणसाला शोभेल असा हेतू.

तासगावात नाथाजींचे गॅरेज आहे. पृथ्वीराजची जीप तेच सांभाळत.

"मीटर पुढं नेला?" नाथाजी पोट धरून हसले. "आवं सर, आमी मागं घेतो तर लोक आईबहिणीवरनं शिव्या देत्यात. पुढं घेतला तर माझा सत्कार करतील, नारळ देऊन!"

"तुम्ही बदलला नाही?"

"आईशप्पत न्हाई. आन सांगू का, मला ठावं हाय कोण ते. आप्पासो. मला विचारत व्हता, लय पळालेली जीप कितीला जाती म्हणून."

मी त्यांच्या भिंतीवरचे पाने पाहिले. प्रत्येक मापाचा पाना जागच्या जागी होता. असा मनुष्य पेचावर व्रण पाडत नाही. व्रण कशाचे, ते मला नानासोंच्या हातातली कात्री पाहतानाच कळले होते. द्राक्षवाला माणूस त्या कात्रीने काडी कापतो, तार वाकवतो, डबा उघडतो. हाताशी दुसरे काही शोधायला तो जात नाही. पण अशी कात्री त्या घरात नानासोंकडे होती, आप्पासोंकडे होती, आणि सुलाबाईंनीही, म्हणजे नानासोंच्या पत्नीने, तीच वर्षानुवर्षे बागेत वापरली होती. सुतळीची गाठही तिघांच्या हातातली. पुरावा मनुष्य दाखवत नव्हता, केवळ घर दाखवत होता.

"माझं नाव कुणी घेतलं रं?"

आप्पासो दारात उभे होते. आमच्यामागून आले असावेत.

"नाथ्या, तुझ्या जिभेला हाड हाय का न्हाई? मी किंमत विचारली. विचारणं गुन्हा हाय व्हय?" ते माझ्याकडे वळले. "सर, आमचा दादाच गाडी इकायला धड बघत न्हाई. पयलं गिऱ्हाईक साताऱ्याचं आलं, चांगलं व्हतं. गडी दादाला न इचारता चावी लावून भिलवडीच्या रस्त्यानं लांब फिरवून आला. गाडी पसंत पडली म्हणून हसत उतरला, तर दादा त्याच्या अंगावर धावला. चासुद्धा दिला न्हाई. गिऱ्हाइकाशी कोण असं वागतंय?"

"तेव्हा मीटर कोणता होता? हाच?"

"मला काय ठावं. पर त्याच्या मागनं जी तीन आली, ती तीन लाख बघून पळाली. पयला काय आकड्याला भ्याला न्हवता."

म्हणजे बदल त्या दोन भेटींच्या दरम्यान झाला होता. मी आप्पासोंना थांबवले नाही. दुखावलेला मनुष्य ज्या क्रमाने बोलतो, तो क्रम पुष्कळदा चौकशीपेक्षा बरा असतो.

"आन त्याच्या आधीचं सांगू? बेदाण्याच्या दिवसांत शेड रिकामी पायजे व्हती. जीप आत उभी. पृथ्वी गेल्यापास्नं तिथंच. मी म्हटलं चालू कर आन काढ बाहीर. तर न्हाई! दादा उताणा पडून गाडीखाली शिरला, कायतरी सोडलं, बाहीर आला आन म्हणतो, ढकला. चालू गाडी आमी पाच माणसांनी ढकलली सर! गाव हसत व्हतं."

"ढकलून झाल्यावर ते पुन्हा गाडीखाली शिरले?"

आप्पासो चकित झाले. "व्हय. तुमाला कसं कळलं? वंगणानं माखून आला."

"त्या वेळी मीटरवर आकडा किती होता?"

"त्यो मला कुठला ठावं," आप्पासो म्हणाले. त्यांचा राग एकदम ओसरला, जणू बोलता बोलता त्यांनाच काही दिसले. "त्यो आकडा दादाच बघायचा. रोज. शेडात जाऊन."

४

उत्तर माझ्या मनात तयार झाले होते. पण तयार उत्तरावर मी विश्वास ठेवत नाही. ते खोटे ठरवण्याचा प्रयत्न आधी करायचा असतो. ते खोटे ठरवू शकणारी एकच व्यक्ती उरली होती. आम्ही साताऱ्याला गेलो.

सुलाबाई मुलीच्या घरी पहिल्या मजल्यावर राहत होत्या. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला तो हा:

"गाडी घेताय न्हवं बाई तुमी?"

"घ्यायची आहे," ज्ञानदा म्हणाली. "काकांचं समाधान झालं की."

"कशाचं समाधान व्हायचं ऱ्हायलंय?"

"मीटर कोणी बदलला, याचं," मी म्हणालो. "तुम्ही?"

हा प्रश्न असा विचारणे अशिष्ट होते. ज्ञानदाने माझ्याकडे तसे पाहिलेही. सुलाबाईंना मात्र राग आला नाही. त्यांना प्रश्नच समजला नव्हता. "मीटर? मी कशाला बदलीन? मला ती गेलेली पायजे. मी त्या गावात पाऊल टाकल्याला किती म्हयने झालं, पोरीला इचारा."

"गेलेली का हवी?"

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "दारात जीप उभी आसली की काय आसायचं, सांगू? पोरगं घरात हाय. जीप नसली की भाईर गेलंय. दहा वर्सं तेच. जीप दिसली की मी दोन ताटं घ्यायची का तीन, ते ठरायचं. आता ती रोज उभी. रोज. सकाळी उठलं की डोळं तिकडं जात्यात आन एक क्षण..." त्या थांबल्या. "एकच क्षण आसतो सर. पर रोज आसतो. त्यो गेल्याचं मला रोज नव्यानं कळतंय. किती येळा कळायचं?"

ज्ञानदाने त्यांच्या पुढ्यातली टोपली आपल्याकडे ओढली आणि ती शेंगा फोडू लागली.

"त्यांना सांगितलंत हे?" मी विचारले.

"नवऱ्याला? त्यास्नी काय सांगायचं? ते शेडात जाऊन बसायचं, त्या गाडीत. मी भाकरी थापत हाक मारायची तर वो न्हाई. त्यांचं त्यांच्यापाशी, माझं माझ्यापाशी." त्यांनी पदराने हात पुसले. "शेवटची फेरी माझीच झाली तिच्यात. मला हितं पोरीकडं सोडाय आला व्हता. मी सारखी म्हणत व्हते, हळू चालव रं. हळूच चालवत व्हता वो. मला सोडून माघारी गेला, गाडी शेडात लावली. ती लावली ती लावलीच."

निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या. "एक करा. सगळी न्या. त्यातलं कायबी मागं ठिवू देऊ नका त्यास्नी. एक चावी न्हाई, एक फडकं न्हाई. कायतर ऱ्हायलं तर मला परत तेच."

मी मान हलवली. मान हलवणे म्हणजे होकार, असे त्यांनी धरले असावे.

५

नानासो शेडमध्ये होते. बेदाण्याचा हंगाम यायला अवकाश होता. द्राक्षे वाळवायच्या जाळ्या रिकाम्या होत्या. मी ज्ञानदाला बाहेर थांबायला सांगितले.

"नानासो, मी चार दिवस चुकीचा प्रश्न विचारत होतो," मी म्हणालो. "हा मीटर कोणी आणि का बसवला, असा. त्याचा मोठा आकडा सगळ्यांना दिसत होता, म्हणून कारणही त्या आकड्यातच असणार, असे मी धरले. किंमत पाडायची आहे, गिऱ्हाईक पळवायचे आहे. पण तसे असते तर बदलणाऱ्याने तो आकडा निवडून आणला असता. तुम्ही निवडला नाही. नव्या मीटरशी तुम्हाला कर्तव्यच नव्हते. तुम्हाला जुना काढायचा होता."

ते खांबाला टेकून बसले.

"ढकललेली गाडीसुद्धा मीटर पुढे नेते. म्हणून शेडमधून काढताना तुम्ही आधी केबल सोडलीत आणि नंतर पुन्हा जोडलीत. पृथ्वीराजने गाडी लावली तेव्हाचा आकडा तुम्हाला तसाच हवा होता. पुढे साताऱ्याचा माणूस न विचारता गाडी घेऊन गेला आणि तो आकडा मोडला."

"अकरा किलोमीटर," नानासो म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "मी बागेत व्हतो. आवाज आला. त्या इंजिनाचा आवाज मी झोपेतबी वळखतो. कात्री टाकली आन पळत सुटलो. सर, मी दारापातूर पळत आलो ते... गाडी कोण नेतंय म्हणून न्हाई." त्यांनी शेडच्या दाराकडे पाहिले. "कोण गेलं म्हणून न्हाई. कोण आलं म्हणून."

बाहेर ज्ञानदाच्या पावलांचा आवाज होत होता. मग तोही थांबला.

नानासो उठले, कोपऱ्यातल्या जाळ्यांच्या मागून एक मफलरची गुंडाळी काढून आणली. आत मीटर होता. काचेवर कुंकवाचे पट्टे होते. गाडीतल्या पट्ट्यांचे राहिलेले भाग.

मी आकडा वाचला. माझा अंदाज फारसा चुकला नव्हता.

"यात ते अकरा आहेत?"

"न्हाईत." त्यांनी मीटरच्या मागे हात घालून दाखवले. "केबलीचा तुकडा लावला आन उलटा फिरवला. बोटानं. उलटं फिरवलं की आकडा मागं येतोय. दोन दिवस लागलं. मधी एकदा पुढं गेलो, परत मागं आलो. अगदी त्याच आकड्यावर आणून सोडला."

एका किलोमीटरला त्या केबलला शेकडो वेढे द्यावे लागतात. मी त्यांच्या चिमटीकडे पाहिले. कातडे सोलून पुन्हा आले होते. मीटर मागे फिरवण्याचा गुन्हा येथे घडला होता, तर. फक्त ज्या गाडीचा मीटर मागे नेला तो तिच्यात बसवला नव्हता, आणि त्यातून कोणालाही काही मिळाले नव्हते.

"त्याच्या जागेला काय तरी पायजे. मोकळं भोक बघून कोण गाडी घेणार? सांगलीला भंगारात गेलो, पयला हाताला आला त्यो घेतला. आकडा बघितलाच न्हाई मी. गिऱ्हाईक पळाय लागलं तवा कळलं. तवा नवीन आणाय पायजे व्हता." ते खाली बसले. "आणला न्हाई. ते माझं चुकलं. गिऱ्हाईक गेलं की वाटायचं, आजच्याला ऱ्हायली."

"सुलाबाई तुमची वाट पाहताहेत."

"गाडी न्या तुमी. उद्याच न्या. तिला घरी आणायचंच हाय मला. ह्यो एक डबा ऱ्हाऊ दे सर माझ्यापाशी. तिच्या नदरंस पडणार न्हाई."

मी गाडी घ्यायला ज्ञानदाला हो म्हणणार होतो. त्यात आता काही शंका नव्हती. चांगली गाडी होती. उरलेला प्रश्न माझ्या विषयातला नव्हता.

"मी आपण होऊन त्यांना सांगणार नाही," मी म्हणालो. "पण त्यांनी मला विचारले, काही मागे राहिले का, तर मी नाही म्हणणार नाही. आणि त्या विचारतील."

नानासोंनी मीटरवर मफलर पुन्हा गुंडाळला आणि गाठ मारली.

"मंग मीच सांगतो," ते म्हणाले.

६

दोन दिवसांनी ज्ञानदा जीप घेऊन महाबळेश्वरकडे निघाली. वाटेत सातारा. नानासो मागच्या आसनावर बसले होते. पत्नीला घेऊन ते एसटीने तासगावला परतणार होते. ज्ञानदाने एका वळणावर गियर बदलला तेव्हा ते म्हणाले, "त्योबी हितंच बदलायचा."

जीप कोपऱ्याआड उभी करायला मी सांगितले होते. सुलाबाई खालीच, पायऱ्यांवर आल्या होत्या. इस्त्रीचे पातळ, शेजारी भरलेली पिशवी.

"गेली?" त्यांनी विचारले.

"इकली," नानासो म्हणाले. "ह्या पोरीला."

"सगळी?"

प्रश्न त्यांनी मला नव्हे, नवऱ्याला विचारला. नानासोंनी काखेतली गुंडाळी सोडली आणि मीटर त्यांच्यापुढे धरला.

सुलाबाईंना तो ओळखायला क्षणही लागला नाही. पट्टे त्यांच्याच बोटांचे होते.

नानासोंनी सांगितले. सलग नाही, मागचे पुढे, पुढचे मागे, जसे जमेल तसे. ढकललेली गाडी, अकरा किलोमीटर, भंगारातला मीटर, बोटाने दिलेले वेढे. सुलाबाईंनी मीटर मांडीवर घेतला होता आणि त्या आकड्याकडे पाहत होत्या. त्यांना वाचता येत होते, पण त्या बोट ठेवून एकेक चकती वाचत होत्या.

"तुमी ह्यो मागं आणलासा," त्या अखेर म्हणाल्या.

"व्हय."

"बोटानं."

"व्हय."

"मंग हितंच थांबलासा कशाला?" त्यांचा आवाज फाटला. "मागं येत व्हता न्हवं? अजून आणायचा व्हता की! मला सोडाय आला त्याच्याबी मागं. त्यो रस्ता, त्यो दोस्त, ती मोटारसायकल, सगळ्याच्या मागं... हितं कशाला थांबलासा?"

ज्ञानदा वळून भिंतीकडे पाहू लागली. मला वाटले, या प्रश्नाला उत्तर असणे शक्य नाही. नानासोंकडे ते होते. त्यांनी ते आधीच, शेडमध्ये, वेढे देता देता शोधलेले असावे.

"अगं, पुढचं ते अकरा त्याचं न्हवतं," ते म्हणाले. "मागचं सगळं तर त्योच हाय. त्यातलं कसं कमी करू?"

त्या रडल्या नाहीत. रडतील असे मला वाटले होते. तो अंदाजही चुकला. त्यांनी मीटरवर मफलर पुन्हा गुंडाळला, गाठ मारली, आणि तो नानासोंकडे परत न देता स्वतःच्या पोटाशी धरला. मग दुसऱ्या हाताने पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.

"ही घेऊन जावा. माझी पातळं हायत. मी येते मागनं."

"कवा?"

"येते म्हटलं न्हवं."

"अगं पर कवा?"

त्या जिना चढून वर गेल्या. दार लागल्याचा आवाज आला नाही, म्हणजे ते उघडेच राहिले असावे, किंवा त्यांनी ते फार हळू लावले.

नानासोंना मी एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. तासगावची गाडी लागलेली होती. ते खिडकीपाशी बसले. पिशवी वरच्या फळीवर ठेवायला जागा होती, तरी त्यांनी ती मांडीवर घेतली. कपडे पुढे पाठवणारा मनुष्य मागून येतो, असे अनुमान काढता येते. पण एखाद्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे जिवावर आले, तर तेव्हाही मनुष्य हेच करतो. दोन्ही उपपत्ती एकाच पुराव्यात बसत होत्या.

गाडी सुरू झाली तेव्हा नानासोंनी खिडकीतून वाकून विचारले, "सर, तुमाला काय वाटतंय?"

मला वाटते त्यावर मी आयुष्यात कधी काही सांगितलेले नाही.

"येतील," मी म्हणालो.